युद्धकाळातले एम१९११ए१ पिस्तूल: कारखाना आणि काळ ओळखायला कसे शिकावे

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पिस्तुलाचा फोटो समोर आला की नवखा वाचक हमखास म्हणतो, “कोल्ट!” रचना कोल्टकडून आलेली आहे हे खरे, पण त्या युद्धात बनलेल्या दर तीन पिस्तुलांपैकी साधारण दोन कोल्टच्या कारखान्यात बनलीच नव्हती. सर्वांत जास्त पिस्तुले बनवली एका टाइपरायटर कंपनीने. त्याखेरीज शॉटगन बनवणारी एक कंपनी होती, रेल्वेचे सिग्नल बनवणारी एक होती, आणि अगदी थोडी पिस्तुले शिलाई मशीनच्या कारखान्यातूनही आली. हे सगळे त्या पिस्तुलाच्या अंगावर कोरलेले असते. ते वाचायचे कसे, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी एक व्यावहारिक गोष्ट. भारतात खरे पिस्तूल बाळगायचे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. या अभ्यासासाठी मात्र पिस्तूल हाती असण्याची गरजच नाही. लष्करी संग्रहालये आणि लिलावगृहे दोन्ही बाजूंचे मोठे, स्वच्छ फोटो इंटरनेटवर ठेवतात, आणि खुणा वाचायला तेवढे पुरते. एक वही घ्या आणि प्रत्येक फोटोसाठी एक पान ठेवा.

पहिली पायरी: एम१९११ की एम१९११ए१, ते ठरवा

जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी कोल्टसाठी केलेली ही रचना अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारली. गोळी .४५ कॅलिबरची, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे १.१ किलो. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या तक्रारी लक्षात घेऊन तिच्यात काही फेरफार झाले आणि १९२६ मध्ये तिला एम१९११ए१ हे नाव मिळाले.

फरक थोडेच आहेत, पण डोळ्यांना सवय झाली की दुरूनही दिसतात. ए१ चा ट्रिगर आखूड असतो. ट्रिगरच्या मागे फ्रेमवर, म्हणजे मुठीसकट खालच्या मुख्य सांगाड्यावर, दोन्ही अंगांना बोटासाठी अर्धचंद्रासारखी खाच घेतलेली असते. मुठीची मागची बाजू जुन्या पिस्तुलात सपाट होती, ती ए१ मध्ये फुगीर झाली. घोड्याखालचा ग्रिप सेफ्टीचा (मूठ आवळली तरच पिस्तूल झाडू देणाऱ्या मागच्या कळीचा) टोकदार भाग लांब झाला, कारण घोडा मागे येताना अंगठ्याजवळची कातडी चिमटत असे. एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ट्रिगरमागची खाच ठेवा. ट्रिगर आणि मुठीचा मागचा भाग बदलता येतो, पण खाच फ्रेममध्येच कोरलेली असते.

दुसरी पायरी: पहिल्या महायुद्धात काय फसले, ते वाचून घ्या

ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ इथेच आहे.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा पिस्तुलांचा साठा फारच अपुरा होता. कोल्टचा हार्टफर्डचा कारखाना आणि सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी, एवढ्या दोघांवर भागणार नव्हते. म्हणून सैन्याचा शस्त्रपुरवठा पाहणाऱ्या ऑर्डनन्स खात्याने इतर अनेक कंपन्यांशी कंत्राटे केली. त्यांत रेमिंग्टन-यूएमसी आणि विंचेस्टर या शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्या होत्याच, शिवाय कॅश रजिस्टर बनवणारी नॅशनल कॅश रजिस्टर, बेरजेची यंत्रे बनवणारी बरोज आणि छपाईची यंत्रे बनवणारी लॅन्स्टन मोनोटाइप याही होत्या. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले तेव्हा या साऱ्यांपैकी एकट्या रेमिंग्टन-यूएमसीकडून भरीव माल आला होता, आणि तिची पिस्तुले युद्धानंतर पूर्ण झालेली धरूनही जेमतेम २१,७०० च्या आसपास भरली. कॅनडातल्या एका कंपनीची शंभरेक पिस्तुले निघाली, पण ती सैन्याने स्वीकारली नाहीत. सैनिकांना काहीतरी द्यायलाच हवे होते, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांची रिव्हॉल्व्हर याच .४५ च्या गोळीसाठी जुळवून घेतली. तेच एम१९१७ रिव्हॉल्व्हर.

असे का झाले? वेळ कमी पडला, यंत्रे आणि साचे तयार नव्हते, हे आहेच. पण खरी अडचण कागदावर होती. कोल्टच्या कारखान्यात जुने कारागीर होते, कोणता भाग किती घासायचा हे त्यांच्या हातात होते. आरेखनांमध्ये मात्र ते सगळे उतरलेले नव्हते. काही मापे एकमेकांशी जुळत नव्हती आणि किती फरक चालेल याच्या मर्यादा अपुऱ्या होत्या. दुसऱ्या कारखान्याने त्याच कागदांवरून भाग बनवले की ते जोडताना अडत. या पिस्तुलाचा युद्धकाळातला इतिहास म्हणजे हे हातातले ज्ञान कागदावर आणि गेजमध्ये (माप तपासण्याच्या साधनांत) उतरवण्याची धडपड आहे, असे माझे मत आहे. उत्पादनाच्या आकड्यांपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

तिसरी पायरी: स्लाईडवरचे नाव वाचा

स्लाईड म्हणजे वरचा सरकणारा भाग. तिच्या डाव्या अंगावर कंपनीचे नाव आणि गाव असते. दुसऱ्या महायुद्धासाठी पाच नावे पाठ करा.

कोल्ट, हार्टफर्ड, कनेटिकट. युद्धकाळातली यांची पिस्तुले सहा लाखांच्या घरात जातात.

रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क राज्य. सुमारे ८ लाख ७७ हजार.

इथाका गन कंपनी, इथाका, न्यूयॉर्क राज्य. सुमारे ३ लाख ३५ हजार. शॉटगनसाठी प्रसिद्ध.

युनियन स्विच अँड सिग्नल, स्विसव्हेल, पेनसिल्व्हेनिया. ५५,०००. रेल्वेचे सिग्नल आणि सांध्यांची यंत्रणा बनवणारी कंपनी.

सिंगर, एलिझाबेथ, न्यू जर्सी. फक्त ५००.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पहिल्या महायुद्धातली रेमिंग्टन-यूएमसी आणि दुसऱ्यातली रेमिंग्टन रँड या वेगळ्या कंपन्या आहेत. मूळ रेमिंग्टन शस्त्र कंपनीने टाइपरायटरचा धंदा १८८६ मध्येच विकून टाकला होता. त्या धंद्यातून पुढे १९२७ मध्ये रेमिंग्टन रँड उभी राहिली. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेल्यांना ज्या रेमिंग्टनचा कीबोर्ड पाठ असतो, ते नाव या टाइपरायटरवाल्या शाखेचे. वहीत ‘रेमिंग्टन’ एवढेच लिहू नका, पूर्ण नाव लिहा.

सिंगरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९१७-१८ चा धडा घेऊन अमेरिकी काँग्रेसने १९३८ मध्ये एक सोय केली. युद्ध सुरू होण्याआधीच खासगी कंपन्यांना छोटी, शिकण्यापुरती कंत्राटे द्यायची. माल किती मिळतो हे गौण, कंपनीने यंत्रे, जिग (भाग पक्का धरून ठेवणारे साचे), गेज आणि कामाची पद्धत उभी करायची. सिंगरला एप्रिल १९४० मध्ये असे कंत्राट मिळाले: ५०० पिस्तुले, आणि तासाला १०० पिस्तुले काढता येतील अशा उत्पादनाची आखणी. त्यासाठी सुमारे २ लाख ७९ हजार डॉलर मोजले. ५०० नगांवर भागले तर ती किंमत अवाच्या सवा वाटते, पण पैसे तयारीचे होते. पिस्तुले डिसेंबर १९४१ पर्यंत सैन्याच्या हाती गेली. त्यानंतर सिंगरकडे विमानविरोधी तोफांचा नेम ठरवणाऱ्या यंत्रांचे काम आले आणि तिची पिस्तुलांची बरीच सामग्री रेमिंग्टन रँडसारख्या कंत्राटदारांकडे गेली. लिलावात सिंगरच्या एका पिस्तुलाला चार लाख डॉलरांहून जास्त किंमत आली आहे, म्हणून संग्राहक तिच्यामागे वेडे असतात. अभ्यासकाने मात्र वेळ रेमिंग्टन रँडवर घालवावा.

कारण सिरॅक्यूजला जे घडले ते या साऱ्या इतिहासाचे सार आहे. टाइपरायटर बनवणाऱ्यांना छोटे, नेमके भाग लाखांनी बनवण्याची सवय होती. तरीही १९४३ च्या सुरुवातीला त्यांची पिस्तुले अदलाबदलीच्या चाचणीत नापास झाली. ही चाचणी सोपी आणि निर्दय असे. काही पिस्तुले पूर्ण सुटी करायची, सगळे भाग एकत्र मिसळायचे, हाताला येईल तो भाग उचलून पुन्हा जोडायचे. कानस लावायची नाही, ठोकायचे नाही. पुण्यात घेतलेली कुकरची रिंग लातूरच्या कुकरला बसावी, तसा प्रत्येक भाग प्रत्येक पिस्तुलात बसला पाहिजे आणि ते चालले पाहिजे. रणांगणावरच्या आर्मररला, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याला, तीन मोडक्या पिस्तुलांतून दोन चालती करायची असतात, तेव्हा हेच कामाला येते. कंपनीने उत्पादन थांबवले, दोष शोधले, कामाची घडी नीट बसवली आणि मग पुन्हा सुरुवात केली. युद्धाच्या शेवटी हीच कंपनी सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वस्त पिस्तुले देत होती.

चौथी पायरी: फ्रेमवरचा नंबर पाहा

सिरियल नंबर फ्रेमच्या उजव्या अंगाला असतो. कारखान्यातला कागदोपत्री ओळखीचा भाग फ्रेमच, स्लाईड नव्हे. म्हणून स्लाईडवरचे नाव आणि फ्रेमवरचा नंबर यांची गाठ घालणे हे या पायरीचे काम.

मोटामोटी अंदाज असा. १९२४ च्या कोल्टच्या कंत्राटात नंबर ७ लाखांच्या पुढे गेले, म्हणून त्याआधीचा नंबर दिसला तर फ्रेम मूळ एम१९११ च्या काळातली समजा. १९४५ मध्ये रेमिंग्टन रँडने शेवटचा नंबर टाकला तो २६,९३,६१३. मधले नंबर ऑर्डनन्स खात्याने कंपन्यांना गठ्ठ्यांनी वाटून दिले होते. सुरुवातीचे काही गठ्ठे लागोपाठ आहेत, ते वहीत लिहून ठेवा:

इथाका: ८,५६,४०५ ते ९,१६,४०४

रेमिंग्टन रँड: ९,१६,४०५ ते १०,४१,४०४

युनियन स्विच: १०,४१,४०५ ते १०,९६,४०४

सिंगर: एस८००००१ ते एस८००५००, आकड्याआधी ‘एस’ अक्षर

युनियन स्विचचा गठ्ठा एकच आणि बरोबर ५५,००० चा. मुळात तिला २ लाखांचे कंत्राट होते, ते कमी केले. मागच्या फळीतल्या अनेक सैनिकांना पिस्तुलाऐवजी एम१ कार्बाइन ही आखूड, हलकी रायफल द्यायची असे ठरल्यामुळे पिस्तुलांची गरज घटली होती. पुढे ही कंपनी कार्बाइनच्या भागांकडे वळली.

आता सावधगिरी. गठ्ठा आधी वाटला जाई, पिस्तूल नंतर बने. कंपन्या एकाच वेळी आपापले गठ्ठे वापरत होत्या. त्यामुळे मोठा नंबर म्हणजे नंतर बनलेले पिस्तूल, हा नियम फक्त एकाच कंपनीपुरता धरावा. इथाकाच्या एका नंबराची रेमिंग्टन रँडच्या नंबराशी तुलना करून ‘हे आधीचे, ते नंतरचे’ असे ठरवू नका.

पाचवी पायरी: तपासनिसाची अक्षरे शोधा

ही माझी सर्वांत आवडती पायरी. फ्रेमच्या डाव्या अंगाला दोन-तीन लहान अक्षरे ठोकलेली असतात. ती त्या विभागाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे.

एफ.जे.ए. म्हणजे फ्रँक जे. अॅटवूड, रॉचेस्टर ऑर्डनन्स विभाग. जी.एच.डी. म्हणजे गाय एच. ड्रुरी, हे कोल्टवर दिसते. आर.सी.डी. म्हणजे रॉबर्ट सी. डाउनी, वर्तुळात कोरलेले, युनियन स्विचवर. जे.के.सी. म्हणजे जॉन के. क्लेमेंट, सिंगरवर.

इथाका आणि सिरॅक्यूज ही दोन्ही गावे रॉचेस्टर विभागात येतात, म्हणून इथाका आणि रेमिंग्टन रँड या दोघांवरही एफ.जे.ए. असते. तेव्हा ही अक्षरे कंपनीची नसून विभागाची आहेत हे ध्यानात ठेवा. अॅटवूड यांनी लाखो पिस्तुले स्वतः हाताळली असेही समजू नका. त्यांच्या अधिकाराखाली काम करणारे तपासनीस हा शिक्का मारत.

याशिवाय ‘पी’ हे अक्षर दिसेल. जास्त दाबाचे खास काडतूस झाडून पिस्तूल टिकले, याची ती खूण. ती फ्रेमवर, स्लाईडवर आणि बॅरलवर (नळीवर) अशी वेगवेगळी पाहायची असते. स्लाईडवर कोल्ट आणि फ्रेमवर आर.सी.डी. असेल तर कधीतरी, कुठेतरी भागांची अदलाबदल झाली आहे एवढे नक्की.

सहावी पायरी: रंग आणि मुठीच्या पट्ट्या

कोल्टची युद्धाआधीची पिस्तुले घासून चकचकीत केलेली, निळसर काळी आणि लाकडी पट्ट्यांची. १९४१ मध्ये कोल्टने पार्करायझिंग स्वीकारले. हा फॉस्फेटचा लेप. राखाडी ते हिरवट राखाडी, हात लावला तर किंचित खरखरीत. उन्हात चमकत नाही, तेल धरून ठेवतो आणि मुख्य म्हणजे घासूनपुसून चमकवण्याचे तासन्‌तास वाचतात. युनियन स्विचने मात्र निळसर काळाच रंग ठेवला. त्यामुळे युनियन स्विचचे राखाडी पिस्तूल दिसले की त्याच्यावर नंतर काम झाले असावे असा संशय घ्यावा.

स्लाईडचा फोटो मोठा करून नळीच्या तोंडाकडचा भाग पाहा. अनेक पार्कराइझ केलेल्या स्लाईडवर पुढचा काही भाग उरलेल्या अंगापेक्षा वेगळ्या छटेचा असतो, दोन कपडे जोडल्यासारखी सीमा दिसते. तो भाग उष्णता देऊन कठीण केलेला असतो आणि कठीण पोलाद लेप वेगळ्या तऱ्हेने घेते. नवखे लोक याला ‘रंग उडालाय’ म्हणतात. उलट मूळ लेप टिकून असल्याची ती चांगली खूण आहे.

मुठीच्या लाकडी पट्ट्या जाऊन तपकिरी प्लॅस्टिकच्या आल्या. त्यांतल्या पुष्कळशा कीज फायबर या कंपनीने बनवल्या. कागदाच्या लगद्यापासून साच्यात ताटल्या काढणे हा तिचा धंदा, म्हणजे साच्यात दाबून वस्तू काढण्याचा सराव होताच. पट्टीच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याची खूण असते, पण फोटोत ती बहुधा दिसत नाही.

सातवी पायरी: बॅरल आणि मॅगझिन

इथे फारसे अडून बसू नका, हे भाग सर्वांत सहज बदलतात. बॅरलवर ‘एचएस’ असेल तर ती हाय स्टँडर्डची, ‘एफ’ असेल तर फ्लॅनरीची. फ्लॅनरी मुळात बोल्ट बनवणारी कंपनी.

मॅगझिनच्या तळाच्या पट्टीवर बारीक अक्षर असते. सी म्हणजे कोल्ट, एस म्हणजे स्कोव्हिल, आर म्हणजे रिसडन, एल म्हणजे लिटल, आणि जी म्हणजे जनरल शेव्हर. शेवटची कंपनी रेमिंग्टन रँडचाच दाढीची विजेची यंत्रे बनवणारा विभाग होता. एकाच पिस्तुलात किती धंद्यांचा हात आहे हे या एका पट्टीवरून कळते.

आठवी पायरी: दुरुस्तीचे शिक्के

१९४५ नंतर अमेरिकी सैन्याने एम१९११ए१ ची मोठी नवी खरेदी केली नाही. कोरिया आणि व्हिएतनाममध्ये लढलेली पिस्तुले ही बहुतांशी महायुद्धातलीच, शस्त्रागारांत पुन्हा उभी केलेली. १९८५ मध्ये बेरेटाचे एम९ आले तोवर हे चालले. दुरुस्तीच्या वेळी पिस्तुले सुटी होत, भाग टोपल्यांत पडत, तपासले जात, नवा लेप चढे आणि हाताला येतील ते भाग जोडून पिस्तूल बाहेर पडे. म्हणून कोल्टच्या फ्रेमवर रेमिंग्टन रँडची स्लाईड ही खोट समजू नये. ज्या अदलाबदलीसाठी सिरॅक्यूजचा कारखाना थांबला होता, तीच इथे कामी आलेली असते.

शिक्के असे: ‘एए’ ऑगस्टा आर्सेनल, ‘एसए’ स्प्रिंगफील्ड आर्मरी, ‘आरआयए’ रॉक आयलंड आर्सेनल. शेवटच्याबाबत जपून राहा. रॉक आयलंड आर्मरी हे नाव आज फिलिपिन्समध्ये बनणाऱ्या याच रचनेच्या नव्या पिस्तुलांवरही असते, आणि त्यांचा सरकारी आर्सेनलशी संबंध नाही. असा शिक्का असलेल्या पिस्तुलाच्या पानावर ‘दुरुस्त’ असे लिहा आणि रंग, पट्ट्या, बॅरल यांवरून मूळ कारखान्याचे निष्कर्ष काढणे सोडून द्या.

नववी पायरी: दाव्याला चार प्रश्न विचारा

विक्रेता किंवा लेख म्हणतो, ‘संपूर्ण मूळ, १९४३ चे.’ वही उघडा. स्लाईडवरचे नाव आणि नंबराचा गठ्ठा जुळतात का? तपासनिसाची अक्षरे त्या कंपनीच्या विभागाची आहेत का? रंग त्या कंपनीच्या सवयीचा आहे का? दुरुस्तीचा शिक्का आहे का, किंवा तो घासून काढल्यासारखी जागा आहे का? अक्षरांच्या कडा बोथट आणि आसपासचे पोलाद किंचित खोलगट दिसले तर कुणीतरी घासले आहे. सिंगरच्या बाबतीत हे चारही प्रश्न दुप्पट कडकपणे विचारा, कारण तिथे पैसा मोठा आहे आणि खोट्या खुणा ठोकण्याचा मोहही तेवढाच.

पुढचा सराव

वीसेक पाने भरली की दुसरी रचना घ्या. जर्मनीचे पी३८ सरावाला चांगले, कारण तिथे कंपनीच्या नावाऐवजी गुप्त अक्षरे आहेत: वॉल्थरचे ‘एसी’, माउझरचे ‘बीवायएफ’, स्प्रीवेर्कचे ‘सीवायक्यू’. पहिल्या दोन्हींवर वर्षाचे शेवटचे दोन आकडेही असतात.

आपल्या वाचकांनी मात्र त्याआधी कॅनडाच्या इंग्लिस हाय पॉवरकडे वळावे असे मी सुचवेन. टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत १९४४ पासून ही ९ मिमीची पिस्तुले निघू लागली. चीनसाठीच्या नंबरांत ‘सीएच’ आणि कॅनडासाठीच्या नंबरांत ‘टी’ ही अक्षरे असतात. या रचनेचा बेल्जियममधला मूळ कारखाना जर्मनांच्या ताब्यात असल्यामुळे इथेही आरेखनांचाच प्रश्न पहिला होता. याच घराण्यातले ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनू लागले आणि भारतीय सैन्यात वापरले गेले. इंग्लिस आणि ईशापूर या दोघांचे डाव्या अंगाचे फोटो शेजारी ठेवा आणि तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.